कच्चं मांस, वजनकाटा आणि भुरी

भुरी काय खाते, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते. कुत्रं पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. कच्च्या मांसाचं नाव काढल्यावर एकाच्या डोळ्यांत चमक येते आणि तो थेट लांडग्यांवर घसरतो. दुसरा दोन पावलं मागे सरकून साल्मोनेला या जंतूचा जप सुरू करतो. माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही. भुरी बहुतेक काळ कच्चं खाते, मधूनच काही महिने शिजवलेलं खाते, आणि तिची तब्येत कच्च्या-शिजवल्यावर फारशी अवलंबून नाही असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत चाललंय.

भुरीला जात नाही. एक कान उभा, एक पडलेला, अंगाचा रंग नावातच आला. वजन २४ किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, दिवसातून दोनदा दमेपर्यंत फिरणारी. माझा पेशा दुसऱ्यांचे हिशेब तपासायचा. त्यामुळे तिच्या भांड्यात काय पडतं हे मी आकड्यांत बघते, आणि पुढे जे लिहिलंय त्यात आकडे बरेच आहेत. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आत्ताच उठलं तरी चालेल.

आधी लांडगा निकालात काढते. "लांडग्यांना कोण शिजवून घालतं?" हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा लाडका प्रश्न. मी एकदा म्हटलं, "अहो काका, लांडग्यांना जंताचं औषध तरी कोण देतं?" ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. रानातले बहुतेक लांडगे दहा वर्षांचेही होत नाहीत, त्यांच्या पोटात जंतांचा सुकाळ असतो. निसर्गाला लांडगा पिल्लं होईपर्यंत टिकला तरी पुरतो. मला भुरी म्हातारी झालेली बघायची आहे. दोन उद्देश वेगळे आहेत.

शिवाय कुत्रा हा लांडगा राहिलेलाच नाही. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवण्याचा निरोप ज्या जनुकात असतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं जगताना कुत्र्याचं पोट बदललं. म्हणून "कुत्र्याला धान्य पचतच नाही" हे विधान साफ चूक आहे. पण उलट बाजूचे लोक यावरून कुत्रा शाकाहारी असल्यासारखं बोलू लागतात, तेही पटत नाही. त्याचा जबडा फक्त वर-खाली हलतो, रवंथ करणाऱ्यांसारखा आडवा नाही. अन्न चावून बारीक करण्यापेक्षा कापून गिळण्यासाठी ते दात आहेत. अमायलेज लाळेत नाही, स्वादुपिंडातून येतं. थोडक्यात, धान्य पचवायला शिकलेला मांसाहारी प्राणी.

लांडग्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कच्च्या आहारात भाजी का, तर लांडगा शिकारीच्या पोटातला पाला खातो म्हणून, असं सांगतात. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आयुष्य लांडग्यांमागे घालवलं. त्यांच्या निरीक्षणानुसार मोठ्या शिकारीच्या जठरातला चारा लांडगे सहसा सांडून टाकतात आणि जठराची भिंत खातात. मी भुरीला भाजी घालते, पण ती तंतूंसाठी. तिच्या शौचाला आकार येतो, एवढं कारण मला पुरतं.

पाकिटातलं कोरडं खाणं म्हणजे कुठली तरी आसुरी आधुनिक गोष्ट, असाही एक सूर असतो. कुत्र्यांची बिस्किटं लंडनमध्ये १८६० च्या दशकात विकायला आली, जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनाने आणली. दाब आणि वाफ देऊन फुगवलेले दाणे, ज्याला आज किबल म्हणतात, ते १९५० च्या दशकातलं. आणि कच्च्या आहाराची आजची लाट बरीचशी इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यापासून सुरू होते. १९९३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि या आहाराला 'बार्फ' हे नाव रूढ झालं. म्हणजे किबल जुनं नाही तसं बार्फही जुनं नाही. त्याआधी कुत्री काय खायची? उरलंसुरलं. त्याची शिफारस मात्र कुणीच करत नाही.

आता कामाचं.

कच्च्या आहाराच्या दोन घराण्यांची प्रमाणं ठरलेली आहेत. एकात ८० टक्के स्नायूचं मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के बाकीचे अवयव. दुसऱ्यात मांस ७० टक्क्यांवर येतं आणि उरलेल्या दहात भाजी, फळ, बिया. ही प्रमाणं कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाहीत, साधारण शिकारीच्या अंगावर काय किती असतं त्यावरून बांधलेला अंदाज आहे. सुरुवात करायला ठीक. तिथेच थांबायचं नाही.

किती घालायचं? प्रौढ कुत्र्याला वजनाच्या २ ते ३ टक्के, असं सगळे सांगतात. भुरीला अडीच टक्के धरले तर ६०० ग्रॅम. दुसऱ्या वाटेने ताळा करून बघितला. पशुवैद्यांचं सूत्र असं: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात घ्या, त्याला ७० ने गुणा. २४ किलोला साधारण ७६० किलोकॅलरी येतात. ही नुसती पडून राहण्याची गरज. ऑपरेशन झालेल्या, बेताच्या हालचालीच्या कुत्र्याला त्याच्या १.२ ते १.४ पट, म्हणजे ९०० ते १०६०. मिश्र कच्च्या मांसाच्या १०० ग्रॅममध्ये चरबीप्रमाणे दीडशे ते पावणेदोनशे किलोकॅलरी असतात. ६०० ग्रॅम बरोबर बसलं. तरी खरा निवाडा बरगड्यांवर. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी लोकांना रस्त्यात थांबवून पिडते ती: कॅल्शियम.

नुसतं बिनहाडाचं मांस ६०० ग्रॅम घेतलं तर त्यात फॉस्फरस साधारण १.२ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.०६ ग्रॅम असतं. वीसास एक. कुत्र्याच्या शरीराला कॅल्शियम फॉस्फरसएवढं तरी लागतं, दुपटीपर्यंत चालतं. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी 'आफ्को' ही संस्था प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम सांगते. म्हणजे रोज 'शुद्ध, नैसर्गिक, बिनहाडाचं' मांस खाणारं कुत्रं गरजेच्या पाच टक्क्यांवर जगतंय.

आणि हे दिसत नाही, यातच गोम आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतात. चालू खातं व्यवस्थित, मुदत ठेव मोडलेली. रक्ततपासणीत कॅल्शियमचा आकडा नॉर्मल येतो, मालक खूश होतो. मोठ्या कुत्र्यात हे महिनोन् महिने चालू शकतं. पिल्लांत लवकर उघडं पडतं: पाय वाकतात, उडी मारल्याचं निमित्त होऊन हाड मोडतं, जबडा मऊ पडतो. आमच्या डॉक्टरांनी मला अशा एका पिल्लाचा एक्स-रे दाखवला होता, नाव-गाव न सांगता. हाडं आणि भोवतालचं मांस यांत फरकच दिसत नव्हता. त्या घरी पिल्लाला रोज ताजं कोंबडीचं ब्रेस्ट मिळत होतं. हौसेने, प्रेमाने.

म्हणून पिल्लाला कच्चं घालू का असं विचारणाऱ्यांना मी सरळ नको म्हणते. जास्त कॅल्शियमही तिथे घात करतं, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांत, कारण पहिल्या काही महिन्यांत जादा कॅल्शियम आतड्यातच अडवण्याची यंत्रणा त्यांच्यात तयार झालेली नसते. कमीही नको, जास्तही नको, आणि चुकलं तर दुरुस्त करायला वाढीचे महिने परत मिळत नाहीत. पोषणतज्ज्ञ पशुवैद्याने त्या पिल्लासाठी लिहून दिलेला तक्ता असेल तर गोष्ट वेगळी.

भुरीच्या ६०० ग्रॅममध्ये १० टक्के म्हणजे ६० ग्रॅम हाड हवं. इथे बरेच जण गडबडतात, कारण ६० ग्रॅम हाड म्हणजे ६० ग्रॅम विंग नव्हे. कोंबडीच्या पंखात जवळपास ४६ टक्के हाड असतं, कातडीसकट मानेत ३६ टक्क्यांच्या आसपास. म्हणून १३० ग्रॅम विंग्ज, किंवा १६५ ग्रॅम माना. उरलेलं बिनहाडाचं. हाड जास्त झालं की दुसऱ्या दिवशी कळतं: शौचास पांढरी, खडूसारखी, कुंथून. कलेजी जास्त झाली की उलटं. कुत्रं पाळल्यावर माणूस कशाकशाचं बारकाईने निरीक्षण करू लागतो, याचं मला अजून नवल वाटतं.

कलेजी ५ टक्के म्हणजे रोज ३० ग्रॅम. मी आठवड्याची २१० ग्रॅम दोन-तीन दिवसांत विभागून देते. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की ती औषधासारखीच मोजून द्यावी. ते चरबीत विरघळतं, लघवीवाटे निघून जात नाही, साठत राहतं. गाय-बैलाच्या कलेजीत तर तांबंही कोंबडीच्या कलेजीच्या कितीतरी पट. लॅब्रॅडॉर, डोबरमन, बेडलिंग्टन टेरियर अशा काही जातींच्या यकृतात तांबं साचण्याचा आजार आढळतो, त्यांच्या मालकांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि हृदय, पेटा, वजडी यांना लोक 'अवयव' धरतात आणि तिथे हिशेब फिसकटतो. पोषणाच्या दृष्टीने ते स्नायूचं मांसच आहे. अवयवाच्या खात्यात गुर्दा, तिल्ली, स्वादुपिंड येतात. फुप्फुसाला मी कुठल्याच खात्यात धरत नाही, सुकवून बक्षीस म्हणून देते.

एवढं सगळं काटेकोर केलं तरी वही जुळत नाही. जस्त कमी पडतं, मँगेनीज हमखास कमी पडतं, ई जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, आयोडीन हेही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पशुवैद्यांनी २०१३ साली घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या होत्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला, आणि बहुतेकांत एकापेक्षा जास्त. त्यात शिजवलेल्याही होत्या आणि कच्च्याही. हा आकडा मी दोन्ही पंथांना ऐकवते. "आलटून पालटून दिलं की महिन्याभरात सगळं मिळतं" असं म्हणतात. पण ज्या पदार्थांत मँगेनीज नाहीच, ते कितीही आलटून पालटून दिले तरी मँगेनीज येणार कुठून?

मग भुरीच्या भांड्यात आणखी काय काय असतं: आठवड्यातून दोनदा तेलकट लहान मासे, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ साठी. अंडं. नुसता कच्चा पांढरा भाग रोज दिला तर त्यातलं अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, पण बलकासकट अख्खं अंडं अधूनमधून दिलं तर काळजी नाही. शिंपले मिळाले तर उकडून, त्यांत मँगेनीज चांगलं. आणि वर डॉक्टरांनी हिशेब करून दिलेली खनिजं-जीवनसत्त्वांची पूड. या पुडीवरून कच्च्याचे कट्टर लोक मला बाटलेली समजतात. "निसर्गात कुठे पूड असते?" असं एका ताईंनी मला विचारलं. निसर्गात फ्रीजर तरी कुठे असतो, हे मी ओठांवर आलेलं गिळलं, कारण त्यांचं कुत्रं फार गोड होतं.

हाडांबद्दल दोन गोष्टी. शिजवलेलं हाड कधीच नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, सुरीसारखे तुकडे पडतात, घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुततात. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी कमी जणांना माहीत असते: मोठ्या जनावराच्या पायाची नळी कच्ची असली तरी घातक. ज्या हाडावर चारशे किलोचं जनावर उभं राहतं ते दात मोडण्याइतकं कठीण असतं. वरच्या जबड्यातली मोठी दाढ, जी कात्रीसारखी चालते, तिचा टवका उडतो आणि आतली नस उघडी पडते. कुत्रं तक्रार करत नाही, दुसऱ्या बाजूने चावू लागतं. माझा नियम असा की नखाने दाबून खूण पडत नसेल ते हाड द्यायचं नाही. आणि विंग देतानाही मी समोर असते. भुरी चावून खाते, पण अख्खं गिळणारी कुत्री असतात. त्यांना हाडासकट दळलेला खिमा बरा.

आता जंतू. इथे कच्च्याच्या बाजूचे लोक हात झटकतात. "कुत्र्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, सगळं मरतं." सगळं मरत नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कुत्र्या-मांजरांच्या विकतच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. नेदरलँड्समध्ये २०१८ साली गोठवलेली ३५ उत्पादनं तपासली तर निम्म्याहून जास्त उत्पादनांत लिस्टेरिया, पाचव्या हिश्श्यात साल्मोनेला, आणि ८० टक्क्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय. कुत्रं धडधाकट राहतं, हे बऱ्याचदा खरं असतं. पण ते शौचावाटे जंतू बाहेर टाकत राहतं, स्वतः आजारी न पडता. आणि मग त्याच तोंडाने आपला गाल चाटतं. धोका मुख्यतः घरातल्या माणसांना आहे, आणि माणसांतही पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, औषधांनी प्रतिकारशक्ती खाली आलेला रुग्ण यांना.

गोठवण्याबद्दलही गैरसमज आहे. उणे १८ अंशांवर जंत आणि त्यांच्या अळ्या बऱ्याचशा मरतात, आठवडे मिळाले तर. जीवाणू झोपतात, मरत नाहीत. मांस वितळलं की उठतात. एच५एन१ बर्ड फ्लूचंही तसंच. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत एक मांजर गोठवलेलं कच्चं खाणं खाऊन दगावलं, आणि मांजरातला आणि खाण्यातला विषाणू जुळला. कुत्र्यांना तो मांजरांइतक्या सहज धरत नाही, तरी मी तेव्हापासून आजारी पक्ष्यांच्या बातम्या आल्या की कोंबडी शिजवूनच देते. डुकराचं मांस कच्चं कधीच देत नाही. त्यातून ऑजेस्कीचा आजार होऊ शकतो, आणि तो कुत्र्यांत जवळजवळ नेहमीच प्राणघातक.

माझ्या स्वयंपाकघरात भुरीचा कप्पा वेगळा, विळी-सुरी वेगळी, पाट वेगळा. मांस धुवायचं नाही. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांनी ओटाभर पसरतात. वितळवायचं फ्रीजमध्येच, खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. भांडं स्टीलचं. २००६ साली कॅनडात एक प्रयोग झाला होता: साल्मोनेला मिसळलेलं कच्चं मांस कुत्र्यांच्या भांड्यांत ठेवून नंतर ती वेगवेगळ्या पद्धतींनी धुतली, तरी बऱ्याच भांड्यांत जंतू उरलेच. म्हणून मी घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात कोरडं करते, आणि तरीही ते निर्जंतुक झालं असं मानत नाही. भुरीने वीस मिनिटांत संपवलं नाही तर उचललं. तसं अजून घडलेलं नाही. जेवणानंतर तासभर तरी तिचं तोंड माणसांपासून लांब. हा नियम माझा नवरा मोडतो, मी आरडाओरडा करते, मग तो तोंड धुतो.

आईची केमोथेरपी सुरू झाली आणि ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा कच्चं बंद केलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आई म्हणाली, "माझ्यामुळे तिच्या तोंडचं नको काढूस." मी म्हटलं, तिच्या तोंडचं काही निघत नाहीये, फक्त गॅस पेटतोय. तेच मांस, तेच अवयव, हाडं वगळून. सौम्य आचेवर, पाण्यासकट, सुटलेला रस भांड्यातच घालायचा. हाडाच्या जागी अंड्याच्या टरफलांची पूड: भाजून, मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळून. ५ ग्रॅम पुडीत सुमारे १.९ ग्रॅम कॅल्शियम असतं. मांसातला १.२ ग्रॅम फॉस्फरस समोर ठेवला की प्रमाण दीडपटीच्या थोडं वर जातं. उष्णतेने थायमिन हे जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, ते डॉक्टरांच्या पुडीत होतं. डॉक्टरांनी हिशेब नव्याने तपासून दिला.

आणि भुरी? पहिल्या दिवशी तिने भांडं चाटून ओट्यापर्यंत ढकलत नेलं. वजन तेच राहिलं, कातडी तशीच चमकदार, रक्त-तपासणी तशीच. शौचास किंचित मऊ. दातांवर मात्र पिवळेपणा चढू लागला, तो फरक मला स्पष्ट दिसला. ब्रशने घासायला सुरुवात केली, ती तिला मान्य नाही. आईच्या दुखण्याला उतार पडून ती परत आपल्या घरी गेल्यावर मी पुन्हा कच्च्यावर आले, काहीशी सवयीने आणि काहीशी विंग खातानाचा भुरीचा एकाग्र चेहरा मला आवडतो म्हणून. त्याला वैज्ञानिक कारण म्हणता येणार नाही.

कच्च्याने काय बदललं याबद्दल मी फुगवून सांगत नाही. किबलवर होती त्यापेक्षा शौच निम्म्याने कमी, वास कमी. हे अभ्यासांतही दिसतं, कच्चं मांस किबलपेक्षा जास्त पचतं, म्हणून बाहेर कमी पडतं. खाज मात्र गेली नाही. सगळे म्हणत होते धान्य बंद कर, खाज जाईल. धान्य बंद होतं, खाज होती. कुत्र्यांतल्या अन्नाच्या अॅलर्जीचे अभ्यास एकत्र केले तर पहिला नंबर गोमांसाचा लागतो, मग दूध, मग कोंबडी; गहू त्यांच्या मागे. म्हणजे मांसाचीच अॅलर्जी असेल तर ते कच्चं असून काय उपयोग? भुरीची खाज पिसवांची निघाली. महिन्याला एक गोळी, विषय संपला. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला एक गट मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतो. लहानपणी कच्चं खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे त्वचेचे आणि आतड्याचे जुनाट आजार कमी दिसतात, असं त्यांनी मांडलंय. मला त्यात रस आहे. पण जो मालक कच्चं घालायचे कष्ट घेतो तो इतरही शंभर गोष्टी वेगळ्या करतो, प्रश्नावलीतून ते वेगळं काढणं कठीण.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेलं कुत्रं, किडनीचा आजार असलेलं कुत्रं, केमो चालू असलेलं कुत्रं यांना हे सगळं लागू नाही. त्यांच्या चरबीचा, फॉस्फरसचा हिशेब डॉक्टरच करतील. आणि जे कच्चं घालतात त्यांनी वर्षातून एकदा रक्त तपासताना थायरॉइडचा टी-फोर हा हार्मोनही तपासून घ्यावा. मानेच्या आणि घशाच्या मांसाला जनावराची थायरॉइड ग्रंथी चिकटून आली तर कुत्र्याच्या रक्तात तो वाढतो. जर्मनीतल्या पशुवैद्यांनी अशी कुत्री नोंदवली आहेत, आहार बदलल्यावर आकडा खाली आला. मी मोठ्या जनावरांचा घसा घेतच नाही.

राहिला प्रवास. फ्रीजर बरोबर नेता येत नाही, त्यामुळे बाहेर पडलो की भुरीला किबल. पॅकेटवर संपूर्ण आहार असं लिहिलेलं असेल, कुठल्या वयाच्या कुत्र्यासाठी ते लिहिलेलं असेल, आणि कंपनीकडे पोषणतज्ज्ञ असेल, एवढं बघून घेते. निघायच्या आधी दोन-चार दिवस थोडं थोडं मिसळून देते. कच्चं आणि किबल वेगवेगळ्या वेगाने पचतं म्हणून एकत्र घालू नये, असं सांगणारे भेटतात. भुरीच्या पोटाने यावर कधी काही मत दिलेलं नाही. मी वजनकाटा, गुर्दे, टरफलं, शिंपले असा एवढा संसार मांडते, आणि ती त्या तपकिरी गोळ्यांचं पाकीट उघडल्याचा आवाज ऐकून शेपटी तितक्याच जोराने हलवते. याचा मला दरवेळी थोडा रागच येतो.